हिरवेकाकांची पिशवी

हिरवेकाकांनी माझं नाव विचारायच्या आधी माझी बॅग उचलून पाहिली.

नोकरीचा माझा तिसरा दिवस होता. नगर शहरातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात मी शिबिरांची व्यवस्था बघायला लागले होते. गावोगावच्या सरपंचांना फोन करायचे, शाळेची एखादी खोली मागून घ्यायची, आलेल्यांची नावं लिहायची, हे माझं काम. डॉक्टर रुग्णालयाच्या गाडीतून दहाच्या सुमाराला यायचे. त्याआधी एसटीने पुढे जाऊन खोली लावायची आणि लोकांची नजर तपासायला सुरुवात करायची, हे नेत्र तंत्रज्ञाचं काम. ते तंत्रज्ञ म्हणजे मुरलीधर हिरवे. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, रुंद खांद्यांचे, अंगात पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि खांद्याला खाकी कॅनव्हासची पिशवी. महिन्यातले अठरा-वीस दिवस हा माणूस फिरतीवर असतो, असं मला ऑफिसात आधीच सांगितलं होतं.

सकाळी सहाला आम्ही स्टँडवर भेटलो. माझ्या पाठीवर मोठी सॅक, हातात आणखी एक बॅग. काकांनी हातातली बॅग घेतली, वजन पाहिलं, खाली ठेवली.

"मुक्काम किती दिवसांचा सांगितलाय तुम्हाला?"

"दोन."

"मग घर कुठं घेऊन निघालात?"

मला राग आला. चोवीस वर्षांची होते, एम.एस.डब्ल्यू. झालेली, आणि हा अनोळखी गृहस्थ सगळ्यांसमोर माझ्या बॅगेची चेष्टा करत होता. गाडीत मी मुद्दाम दोन बाकं सोडून बसले. करंजीच्या घाटात गाडीने एक मोठा झोका घेतला, सॅक वरच्या फळीवरून सुटून माझ्या पायावर पडली आणि चपलेचा अंगठा तुटला. काका उठून आले. पिशवीत न बघताच हात घातला, दाभण आणि मेणाचा दोरा काढला, चप्पल मागून घेतली आणि तिसगाव येईपर्यंत शिवून दिली.  बॅगेचा विषयसुद्धा पुन्हा काढला नाही. मग मीच उठून त्यांच्या शेजारी बसले.

"मनीषाबाई," ते म्हणाले. लहान मुलांनासुद्धा ते अहो-जाहो करत, हे मला पुढे कळलं. "सामान आणि बोजा यांत फरक असतो. लागतं ते सामान. लागेल असं वाटतं तो बोजा. तीन शिबिरांत ज्याला हात लागला नाही, ते चौथ्या वेळी घरी ठेवायचं."

त्यांच्या पिशवीत काय काय असे, ते मला आजही तोंडपाठ आहे. कामाची पेटी वेगळी होती. तिच्यात भिंगं, चाचणीची फ्रेम, टॉर्च असलं रुग्णालयाचं सामान. पण ही पिशवी त्यांची स्वतःची. तिच्यात एक जादा शर्ट, पंचा आणि उशीचा अभ्रा. मुक्कामाला शाळेत झोपा, देवळाच्या ओवरीत झोपा, नाही तर कुणाच्या पडवीत, ते त्या अभ्र्यात पंचा आणि शर्ट कोंबायचे आणि त्याच्यावर डोकं टेकायचे. "गाव रोज नवं असलं तरी गाल आपल्याच कापडावर पाहिजे," म्हणायचे. एका डब्यात ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कुणी कितीही आग्रह केला तरी शिबिराच्या दिवशी दुपारी ते कुणाच्या घरी जेवत नसत. एका घरी जेवलं की दुसरं घर रुसतं, आणि रुसलेल्या घरातली म्हातारी तपासायला येत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

त्याशिवाय वीस फुटांची सुती दोरी. नजर तपासताना माणूस आणि तक्ता यांत वीस फूट अंतर लागतं. शाळेचे गुरुजी म्हणायचे, "घ्या की अंदाजाने." काका दोरीचं एक टोक गुरुजींच्याच हातात द्यायचे. "अंदाज तुमचा असतो गुरुजी, डोळे त्यांचे असतात."

आणि सुया. शिलाईच्या साध्या सुयांचं पाकीट, एक काळं रीळ, एक पांढरं. पहिल्याच शिबिरात मला त्याचा उपयोग कळला. पाथर्डीच्या पुढचं कोरडवाहू गाव. सकाळपासून पुरुष येत होते, बायका लांब लिंबाखाली उभ्या. मी त्यांच्याकडे जाऊन दोनदा सांगून आले. त्या म्हणाल्या, "आमाला दिसतंय की बाई. म्हाताऱ्यांचं बघा." मग काका स्वतः गेले. चाळिशीतल्या एका बाईच्या हातात सुई आणि दोरा दिला.

"मावशी, माझ्या शर्टाचं बटण तुटलंय. एवढं ओवून द्या."

बाईने दोरा जिभेवर ओला केला, पीळ दिला, सुई उजेडाकडे धरली. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग हात लांब करून पाहिला. शेवटी म्हणाली, "या सुईला भोकच न्हाई."

बाकीच्या हसल्या. काका हसले नाहीत. खिशातून चाळिशीचा चष्मा काढून त्यांनी तिच्या नाकावर ठेवला. दोरा पहिल्या फटक्यात आरपार गेला. बाई सुईकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दोन वरसं झाली, पोरीकडनं ओवून घेती मी. तिला वाटायचं आई आळशी झाली."

अर्ध्या तासात लिंबाखाली कुणी उरलं नाही. ती सुई काकांनी तिलाच देऊन टाकली. म्हणून पाकीट लागायचं.

प्रवासात ते झोपत नसत. एसटीत कुणी तिकीट हातभर लांब धरून वाचायला लागला की काकांचा हात पिशवीत जायचा आणि पुढच्या शिबिराची चिठ्ठी त्या माणसाच्या मांडीवर पडायची. मला सुरुवातीला लाज वाटायची. पण त्या चिठ्ठ्या घेऊन माणसं खरंच येत. "गाडीत एक बुटका माणूस भेटला हुता," असं सांगत येत.

पिशवीत एक हातभर आरसाही होता, लाकडी चौकटीचा, पंच्यात गुंडाळलेला. एवढा जड आरसा हा वजनाबद्दल इतका कडक असलेला माणूस का वागवतो, ते मला समजेना. शेवगावजवळच्या एका गावात समजलं. वंदना नावाची नवी सून सासूबरोबर आली होती. लांबचं दिसत नव्हतं तिला, चष्मा लागणारच होता. सासू ठाम होती.

"नव्या नवरीला चष्मा? लोक काय म्हनतील? दोन वरसं जाऊ द्या, एखादं लेकरू होऊ द्या, मग बघू."

काकांनी वाद घातला नाही. "बरं. तुमचे डोळे तपासलेत का मावशी? बसा." सासूलाही जवळचा नंबर होता. भिंगं घातलेली फ्रेम त्यांनी तिच्या नाकावर चढवली आणि वाचायच्या कागदाऐवजी आरसा हातात दिला. ती बराच वेळ बघत होती. तोंडावरून हात फिरवला. मग कपाळाला बोट लावलं.

"माझं कुकू वाकडं हाय की. रोज असंच असतं का? कुनी सांगितलं न्हाई मला."

"सांगणार कोण?" काका म्हणाले. "जिनं सांगायचं तिलाच दिसत नाही. तिला चष्मा द्या, रोज सांगेल."

सासूने आरसा सुनेच्या हातात दिला. सुनेने तीन फ्रेमा लावून पाहिल्या आणि चौथी सासूने पसंत केली. संध्याकाळी पिशवी भरताना काका मला म्हणाले, "चष्मा घातल्यावर आपण कसे दिसतो हे ज्याला कळत नाही, तो चष्मा कोनाड्यात ठेवतो. नंबर बरोबर काढून उपयोग काय मग?"

रुग्णालयात संगणकावर नंबर काढणारं मशीन आलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की हा जुना माणूस आता कुरकुर करणार. काकांनी ते आमच्या सगळ्यांच्या आधी शिकून घेतलं. रुग्णालयाची गाडी बिघडली की ते मशीन एसटीतून नेताना मांडीवर घ्यायचे आणि आपली शाल त्याला गुंडाळायचे. मी विचारलं, "मग आता सुया बंद?" ते म्हणाले, "मशीन मला सांगतं बाईला किती दिसतं. सुई बाईला सांगते."

आता सुमनची गोष्ट सांगते. काकांचं नाव निघालं की ती मला पहिल्यांदा आठवते.

दिवाळी नुकतीच झाली होती. पाथर्डी तालुक्यात त्या दिवसांत गावंच्या गावं रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, घराला कुलूप लागतं. आमचं शिबिर टोळी निघायच्या दोन दिवस आधी होतं. सुमनला तिच्या जावेने ओढतच आणलं होतं. पंचविशीतली बाई, डाव्या हाताच्या दोन बोटांवर जुन्या जखमांचे वण. जाऊ सांगायला लागली, "लई येंधळी हाय. कोयता बोटावर मारून घेती. मागल्या साली दोनदा टाके पडले. चालताना ठेचकाळती, भांडं सांडती. आमी म्हनलं डोळं तरी दाखव."

काकांनी अंधाऱ्या खोलीत टॉर्च धरून तिचे डोळे पाहिले, मशीनवर पाहिले, पुन्हा टॉर्च धरली. बाहेर येऊन खुर्चीवर बसले. उणे सात नंबर होता.

"लहानपणापासून असंच दिसतं?"

"असंच म्हंजी कसं?" सुमनने विचारलं. "मला वाटायचं समद्यांना असंच दिसतं."

एवढ्या नंबरची भिंगं तयार नसतात. आठ-दहा दिवस लागणार होते आणि ती परवा निघणार होती. आमच्या पद्धतीप्रमाणे तयार चष्मे पुढच्या फेरीत गावात वाटायचे, म्हणजे टोळ्या परत आल्यावर. सहा महिन्यांनी.

"कुठल्या बाजूला जाणार?" काकांनी विचारलं.

"प्रवरेकडं. कोल्हारच्या अंगाला म्हनत्यात."

काकांनी मुकादमाचा नंबर लिहून घेतला. मुकादम म्हणजे टोळी नेणारा, तिच्यावर देखरेख करणारा माणूस. चष्मा आला तेव्हा तो ऑफिसच्या कपाटात ठेवायला मी हात पुढे केला. काकांनी तो दिला नाही. रविवारी ते कोल्हारला निघाले. मीही गेले, कारण त्यांनी बोलावलं नव्हतं, पण किती वाजताची गाडी आहे ते माझ्यासमोर दोनदा बोलले होते.

मुकादमाचा फोन बंद लागला. कोल्हारला उतरून आम्ही चौकशी करत निघालो. नदीकाठच्या त्या भागात जिकडे बघावं तिकडे ऊस आणि प्रत्येक रस्त्याला एखादी टोळी. पहिल्या ठिकाणी माणसं बीडकडची निघाली. दुसरीकडे कुणी सांगितलं, "पाथर्डीची मानसं हुती, काल उठली." पाटाच्या कडेने आम्ही चालत राहिलो. दुपार झाली. काकांच्या नव्या चपलेने पाय सोलला होता, ते लंगडत होते. माझा धीर सुटला.

"काका, कारखान्याच्या ऑफिसात ठेवून जाऊ. ते पोचवतील."

"चष्मा म्हणजे पोस्टातलं पत्र नाही मनीषाबाई. नाकावर नीट बसला का ते बघावं लागतं. न बसलेला चष्मा ती दोन दिवसांत काढून ठेवील आणि तिसऱ्या दिवशी बोट जाईल."

ते एवढं बोलून थांबले नाहीत, चालायला लागले. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या मागून चालताना लाजही वाटली, कारण लंगडत ते होते आणि तक्रार मी करत होते.

तिसरी टोळी सापडली ती उन्हं कलायला लागली तेव्हा. अर्धा फड तुटलेला होता. सुमन उसाचं वाळलेलं पाचट काढत होती. आम्ही अगदी जवळ जाईपर्यंत तिने ओळखलं नाही. काका म्हणाले, "सुमनबाई, डोळे घेऊन आलोय." ती घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा, अंकुश, कोयता खाली ठेवून आला.

चष्मा नाकावरून घसरत होता. काकांनी चुलीवरच्या भगुल्यातलं गरम पाणी मागितलं, फ्रेमच्या काड्या त्यात धरल्या, कानामागे बसतील अशा वाकवल्या. पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा वाकवल्या. तिसऱ्या वेळी तिला म्हणाले, "आता मान हलवा." चष्मा जागचा हलला नाही. "आता वर बघा."

सुमनने मान वर केली. आधी तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग सरळ समोर, फडाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं बया," ती म्हणाली. "एवढा ऊस तोडायचा राह्यलाय व्हय?"

सगळी टोळी हसली. अंकुश हसता हसता खाली बसला. सुमन हसत नव्हती. ती आपला डावा हात डोळ्यांसमोर धरून बोटं बघत होती. एकेक वण ती अंगठ्याने चाचपत होती.

मग काकांनी सांगितलं, "आज कोयता हातात घ्यायचा नाही. इतका मोठा नंबर पहिल्यांदा लागला की जमीन खाली गेल्यासारखी वाटते. आज नुसतं चालायचं. उद्यापासून काम."

हे ऐकून मुकादम पुढे आला. चाळिशीतला, रुमाल बांधलेला माणूस. उद्धट नव्हता, पण अडलेला होता. "साहेब, संध्याकाळला गाडी भरायची हाय. नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात आमच्यात. ती बसली तर ह्याचा कोयता अर्धा झाला. तुमी जाताल, मला उत्तर द्यावं लागतं."

काकांनी पिशवी खांद्यावरून काढली, माझ्याकडे दिली आणि शर्टाच्या बाह्या होत्या त्याहून वर सारल्या.

"तिच्या वाटच्या मोळ्या मी बांधतो."

मी काही बोलायच्या आत ते फडात शिरले. तोडलेला ऊस गोळा करायचा, वाढ्यांचा म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा पीळ करायचा आणि मोळी आवळायची. बघायला सोपं वाटतं. काकांनी पहिली मोळी बांधली, उचलली आणि ती मधोमध सुटून त्यांच्या पायावर पडली. दुसरी बांधली, ती उचलायच्या आधीच सुटली. पाचटाने त्यांचे दंड ओरखडले, घामाने चष्मा घसरला. मीही पिशवी बांधावर ठेवून गेले. माझी मोळी तर मोळी म्हणण्यासारखीही नव्हती. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण काका थांबले नाहीत. सहावी-सातवी मोळी जरा धरून राहिली तेव्हा त्यांनी मुकादमाकडे मोठ्या अभिमानाने पाहिलं.

मुकादम जवळ आला, त्याने ती मोळी पायाने ढकलली. ती सुटली.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "तुमी बांधलेली समदी आमाला पुन्यांदा बांधाया लागती. काम वाढतंय." मग सुमनकडे वळून म्हणाला, "बस गं तू आज. चाल जरा हितं तिथं. आमी बघतो."

बाकीच्या बायकांनी तिच्या वाटच्या मोळ्या वाटून घेतल्या. सुमन बांधावरून चालत होती, पाऊल उंच उचलून, पाण्यातून चालल्यासारखी. दर दहा पावलांनी थांबून लांब बघायची. आम्ही निघालो तेव्हा तिने आम्हाला पाटाच्या वळणापर्यंत पाहिलं असणार, कारण मी मागे वळले तेव्हा तिने हात केला. एवढ्या लांबून तिला कुणी वळून बघतंय हे दिसलं होतं.

 परतीच्या गाडीत काका पिशवीतली सुई घेऊन हातातले काटे काढत होते. मी विचारलं, "काका, तुमच्या पिशवीत ऊसतोडीचं काही नव्हतं आज." ते म्हणाले, "नव्हतं ना. म्हणून तर फजिती झाली." आणि मग गाडीभर ऐकू जाईल असे हसले.

सगळ्यांच्या बाबतीत असं हसून सुटत नसे. शेवगावला साहेबराव नावाचे एक टेलर होते, चाळीस वर्षं मशीनवर बसलेले. त्यांना काचबिंदू होता, आणि फार उशिरा आले होते. डॉक्टरांनी सांगितलं, पण त्यांना कळलं ते एवढंच की औषध टाकायचं आहे. "औषधानं किती दिवसांत बरं हुईल?" ते प्रत्येकाला विचारत होते. सगळे "बघू" म्हणत होते. मीही म्हणाले.

काका त्यांच्याजवळ बाकावर जाऊन बसले. "साहेबराव, गेलेली नजर परत येणार नाही. औषध उरलेली सांभाळायला आहे. ती सांभाळू आपण."

 काका बाकावरून उठले नाहीत. आमची गाडी पावणेचारची होती. ती गेली. बऱ्याच वेळाने टेलर म्हणाले, "मग दुकान?"

काकांनी आपली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली. "डोळे मिटा आणि दोरी काढा." टेलरांनी चाचपडून आरसा काढला. काकांनी त्यांना पिशवी समजावून सांगितली: डावीकडे मऊ ते, उजवीकडे कठीण ते, तळाला लांब ते, खिशात बारीक ते. "मी अंधाऱ्या खोलीत काम करतो. पिशवीत हात घातला की डोळ्याचं काम पडता कामा नये. वस्तूची जागा ठरली की ती आपल्याला हाक मारते. तुमच्या दुकानात चाळीस वर्षं तुमचाच हात फिरलाय. नजर आहे तोवर जागा ठरवून घ्या." टेलरांनी पुन्हा डोळे मिटले. तिसऱ्या खेपेला दोरी बरोबर हाताला लागली. ते रडले नाहीत, मी रडले, आणि काकांनी मला नावं लिहायच्या कागदांकडे पाठवून दिलं.

पुढच्या वर्षी मी त्यांच्या दुकानात गेले होते. कटिंग भाच्याकडे दिलं होतं. काजं आणि बटणं साहेबराव स्वतः करत होते. भाचा सांगत होता, दुकानातली कात्री कुणी जागची हलवली तर मामा ओरडतात.

अशा माणसाच्या घरी काय चालत असेल, असा प्रश्न मला पडायचा. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी आम्हाला पोहे दिले आणि सरळ सांगितलं, "एवढा जिल्हा पालथा घातला यांनी. मला शिंगणापूरच्या पुढं कधी नेलं नाही. पोरगी झाली तेव्हा हे कुठं होते माहीत आहे का? जामखेडला. शिबिरात." हे त्या हसत म्हणाल्या, पण गंमत म्हणून नव्हे. काकांनी मान खाली घातली. "खरंय," एवढंच म्हणाले. त्यांच्या कामाचं कौतुक करणारी आमची भाषणं त्याआधीच संपली होती, हे बरं झालं.

त्या हिवाळ्यात ते काकूंना घेऊन कोकणात गेले. काकूंनी फोनवर मला सांगितलं, "त्यांनी माझी पिशवी भरली. मी निम्मी उपसून बाहेर ठेवली आणि तीन साड्या जास्तीच्या घातल्या. उचलायला लावल्या त्यांनाच." उचलल्या का, मी विचारलं. "मुकाट्यानं उचलल्या," काकू म्हणाल्या.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी काका गेले. मी तेव्हा नाशिकला होते, बातमी दोन दिवस उशिरा कळली. पण त्याआधी आमची एक भेट झाली होती, ती आमच्याच रुग्णालयात. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी सकाळी पोचले तेव्हा पट्टी नुकतीच काढली होती. ते खुर्चीवर ताठ बसले होते आणि नवीन तंत्रज्ञ मुलगी तक्त्याशेजारी छडी घेऊन उभी होती.

"वाचा काका, वरच्या ओळीपासून."

"थांबा," काका म्हणाले. "हा तक्ता मला पाठ आहे. वरून खाली आणि खालून वर. मी बरोबर वाचलं तरी तुम्ही लिहू नका."

ती गोंधळली. तिने तक्ता उलटा करून मागची बाजू लावली.

"तीही पाठ आहे."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीचा पडदा सरकवला. खाली रस्त्यापलीकडे एक लाल गाडी गर्दीत अडकून उभी होती.

"ती गाडी कुठली, काका?"

त्यांनी डावा डोळा तळहाताने झाकला, बोटं न दाबता, तळहाताचा खोलगट भाग धरून, शेकडो लोकांना शिकवलं होतं तसा. मान थोडी पुढे केली. 

"शेवगाव," ते म्हणाले. "मार्गे तिसगाव."

मुलगी लिहायला लागली. काकांनी हात वर करून तिला थांबवलं. ते अजून बघत होते.

"तिसऱ्या खिडकीत एक म्हातारी आहे. हिरवं लुगडं. मांडीवर गाठोडं आहे." गाडी हलली. ते तिच्याबरोबर मान वळवत राहिले, खिडकीची चौकट संपेपर्यंत. "चष्मा आहे तिला."

मग खुर्चीत मागे टेकले आणि मुलीला म्हणाले, "आता लिहा."